रस्त्याकडचे 20 गुंठे विकावेत का?

प्रश्न : आमचं घर तासगाव तालुक्यात, एकत्र. चार एकर द्राक्षबाग. घरात सासूबाई, आम्ही नवरा-बायको, आमची दोन मुलं, धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर बारा वर्षांचा होता, सासरे त्याच वर्षी गेले. त्याला मी लेकासारखा वाढवला, म्हणून अरे-तुरेच लिहिते. आता तो 31 वर्षांचा आहे. कॉलेजात असताना टपरीवर आकडा लावायचा. पुढं मोबाईलवर रमी, आयपीएलच्या टीम. सरकारनं बंदी घातली तेव्हा वाटलं, सुटलो. पण आता कुणाकडून तरी ‘आयडी’ घेतलाय आणि रात्र-रात्र मॅचवर लावतो. याआधी दोनदा आम्ही त्याचं देणं भागवलं. एकदा 2 लाख 40 हजार, दुसऱ्यांदा बेदाण्याच्या पैशातून 5 लाख. जावेच्या पाटल्या गहाण आहेत. आता 11 लाख निघालेत : सावकाराचे 4 लाख महिना दहा टक्क्यानं, पतसंस्थेचे अडीच लाख (माझे मालक जामीन), मोबाईलवरच्या लोनचे 1 लाख, मित्रांचे दीड लाख आणि बुकीचे 2 लाख. मालक म्हणतात, रस्त्याकडचे 20 गुंठे विकू आणि एकदाचं मिटवू. सासूबाई म्हणतात, पोरगं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतंय, आणखी काय पाहिजे? तो म्हणतो, शेती तरी काय, जुगारच की. जावेच्या माहेरी अजून काही माहीत नाही. मला कुणी विचारत नाही, पण मन खातंय. काय करावं?
— एक वहिनी, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, विकू नका.

तुमच्या मालकांचं मन मला कळतं. वडिलांच्या जागी उभा राहिलेला थोरला भाऊ असाच विचार करतो. मी सांगलीत सहकारी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली. जमीन विकून धाकट्याला सोडवायला निघालेले असे थोरले भाऊ माझ्या टेबलासमोर बसून गेलेत. ‘एकदाचं मिटवू’ हे प्रत्येकाच्या तोंडी असायचं. पण तुम्हीच लिहिलेले आकडे एकाखाली एक मांडून बघा : 2 लाख 40 हजार, मग 5 लाख, आता 11 लाख. दर वेळी मागच्याच्या दुपटीहून जास्त. तुम्ही फेडत गेलात तशी बाजारात त्याची पत वाढत गेली. या पोराच्या मागं बाग आहे आणि थोरला फेडतो, हे सावकाराला कळलं, बुकीला कळलं. दिराला तर सगळ्यांच्या आधी कळलं. शेततळ्याचा कागद फाटलाय आणि तुम्ही टँकरनं पाणी आणून ओतताय. आधी कागद सांधायचा, मग पाण्याचं बघायचं.

आता त्याचा तो युक्तिवाद, शेती म्हणजे जुगारच. हे वाक्य आपल्या भागात पारावर रोज ऐकायला येतं आणि ऐकणारा मान डोलावतो, कारण त्यात दुःख खरं आहे. ऑक्टोबरची छाटणी घ्यायची, डाऊनी रोग येतोय का म्हणून रात्री झोप नाही, माल तयार झाला की अवकाळी, आणि सगळं निभावलं तर व्यापारी पट्टी बुडवून पळतो. पण त्याला एक विचारा. बागेत समोर बसून तुझ्याविरुद्ध भाव ठरवणारा कोण आहे? पाऊस काही तुझा पैसा खिशात घालत नाही. वर्ष वाईट गेलं तरी वेली उभ्या राहतात. वर्षभर बायका-गड्यांना मजुरी मिळते, बॉक्सवाल्याला, औषधवाल्याला, गाडीवाल्याला पैसे जातात, बेदाणा शेडवर कामगार पोटाला लागतात. जुगारात काहीच पिकत नाही. शंभर जणांच्या खिशातला पैसा एका जागी गोळा होतो, त्यातला वाटा मधला माणूस काढून घेतो आणि उरलेला परत फेकतो.

तो वाटा किती, हे मटक्याच्या हिशेबात उघडं दिसतं. दहा रुपयाला नव्वद, हा सिंगल आकड्याचा भाव आपल्या इकडं पोरासोरांनाही माहीत असतो. आकडे दहा. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी दहा रुपये सगळ्या आकड्यांवर सारखे लावले तर आकडे लिहून घेणाऱ्या रायटरकडे हजार जमतात आणि तो नऊशे वाटतो. दोन आकड्यांच्या जोडीतही तोच हिशेब, शंभरात एक आणि भाव नव्वदचा. दहा टक्के म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण जिंकलेला माणूस पैसे घरी आणत नाही, उद्या परत लावतो. हजाराचे नऊशे, नऊशेचे आठशे दहा, असं करत सातव्या फेरीला 480 सुद्धा उरत नाहीत. हे सगळं प्रामाणिक मटक्याचं झालं. पैसे घेणारा आणि आकडा काढणारा एकच असेल तर कमीत कमी पैसे लागलेला आकडा काढायला त्याला कोण अडवतंय? जुन्या आकड्यांचा चार्ट घेऊन पेन्सिलीनं रेघोट्या ओढणाऱ्या माणसांची मला कीव येते. आकड्याला कालचं काही आठवत नसतं.

एक गंमत सांगते. हा धंदा सुरू झाला तो कापसाच्या भावावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले सुरुवातीचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला यायचे, त्यावर लोक पैजा लावायचे. म्हणून आजही ‘ओपन’ आणि ‘क्लोज’. 1961 साली ते भाव येणं बंद झालं. जुगार बंद झाला का? 1962 पासून वरळीत मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. कापूस गेला, पैज राहिली. तुमच्या दिराचं नेमकं हेच झालंय. टपरी गेली, रमी आली. रमी गेली, आयडी आला.

बंदीबद्दल तुम्ही लिहिलंय म्हणून थोडं सांगते. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आधी कंपन्या ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ म्हणून सुटायच्या. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टानं 1960 च्या दशकात म्हटलं होतं, तोच धागा पकडून सगळं चाललं होतं. नव्या कायद्यानं तो फरकच पुसला. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाख, पैशांची ने-आण करून देणाराही त्यात सापडतो. नुसता खेळणारा या कायद्यात गुन्हेगार नाही, हे दिराला जरूर सांगा. पोलिसांच्या भीतीनं माणूस घरात खरं बोलत नाही. (मटक्याच्या अड्ड्यावर सापडला तर मात्र 1887 चा जुगार कायदा आहे, तिथं खेळणाऱ्यालाही धरतात.) वर्षाला सुमारे 45 कोटी लोक मिळून या खेळांत 20 हजार कोटी रुपये घालवतात, असा अंदाज तेव्हा सरकारनंच सांगितला होता. तोपर्यंत हेच सरकार त्या धंद्यावर 28 टक्के जीएसटी घेत होतं, हेही विसरायला नको.

कायदा झाल्यावर भारतातल्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. पण तुमच्या दिराच्या हातात आहे ती आयडी परदेशातल्या साइटची. असल्या कितीतरी साइटचा परवाना कुरासावसारख्या बेटावरचा असतो. इथं गावात असतो तो फक्त एजंट, बहुतेक वेळा ओळखीतलाच पोरगा, जो व्हॉट्सअ‍ॅपवर आयडी देतो, पॉइंट भरतो आणि आपलं कमिशन घेतो. सरकार एक साइट बंद करतं, दुसऱ्या दिवशी नाव बदलून ती परत उभी. सट्ट्याच्या महादेव अ‍ॅपचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ते आणि आणखी एकवीस अ‍ॅप-साइट बंद करायचा आदेश निघाला, तेव्हा हे जाळं किती खोल गेलंय ते दिसलं. कायदा हवाच होता, मी त्याच्या बाजूची आहे. पण तुमच्या घरातला खेळ दिल्लीहून बंद होणार नाही.

पुढचा टप्पा मी आत्ताच सांगून ठेवते. चार महिन्यांनी तो म्हणेल, मी ते सगळं सोडलं, आता शेअर मार्केट करतो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण करेल तो ऑप्शन, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2024 च्या सप्टेंबरमध्ये हिशेब मांडला : तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी फ्युचर्स-ऑप्शन केलं, त्यातले 93 टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. मार्केट कायदेशीर आहे, त्यात शंका नाही. ज्याला आकड्याची ओढ लागलीय त्याला मात्र ते चालणार नाही. तेच गोव्याच्या सहलीचं. मांडवीतल्या बोटींवर आपल्याकडची पोरं हौसेनं जातात. गोवा सरकारनं 2020 पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केलीय. घरच्यांना नको आणि पाहुण्यांना चालेल, अशी ती वस्तू आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमचा दीर उनाड आहे, की आळशी, की संगतीनं बिघडला, यावर घरात खूप बोलून झालं असेल. ते आता सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 पासून त्याला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या रांगेत बसवलंय. हरलेले पैसे परत मिळवायला आणखी लावणं, लपवणं, खोटं बोलणं, घरच्यांकडून सोडवून घेणं ही त्या आजाराची लक्षणं आहेत. ‘थोडक्यात हुकलं’ हे त्याला हरल्यासारखं वाटत नाही, जवळजवळ जिंकल्यासारखं वाटतं. म्हणून शेवटच्या ओव्हरला हरलेला माणूस झोपायच्या ऐवजी दुसऱ्या देशातली मॅच शोधतो. आजारी आहे म्हणून त्याला माफ करा, असं मी म्हणत नाही. आजारी माणसाच्या शपथेवर घर चालवू नका, एवढंच म्हणते. सासूबाईंना हे गोडीनं सांगा. आणि त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेणं पहिलं बंद करा. उद्या शपथ मोडली आणि पोरीला साधा ताप आला, तर घरातली बाई काय समजेल?

डॉक्टरांकडे न्यायचंय. सांगली सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, मिरजेत खाजगी तज्ज्ञही मिळतात. साताऱ्याची परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. घरातून बाहेर पडायची लाज वाटत असेल तर आधी 14416 ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. दिरानं नाही लावला तरी तुम्ही लावा. यात मुख्य उपचार बोलण्याचा असतो. कधी औषधही देतात, विशेषतः झोप उडालेली असेल, मन खचलेलं असेल किंवा जोडीला दारू असेल तर. पुन्हा एखादेवेळी घसरेल, तेव्हा ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणून उपचार थांबवू नका.

एक गोष्ट आज संध्याकाळपर्यंत करा. बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं उघडी पडलेली असतात. ती कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे. कर्जाची सगळी यादी घरात उघड झाल्यानंतरचे दिवस अशा माणसाला सगळ्यात अवघड जातात. त्याला सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरं-वाईट करायचा विचार मनात येतो का रे?’ विचारल्यानं विचार सुचत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तुम्ही त्याला वाढवलंय, तुमच्याजवळ तो बोलेल. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग पैशाचे रस्ते बंद करायचे. हे त्याच्या संमतीनं, त्याला समोर बसवून. मालकांनी मदतीच्या बदल्यात एवढीच अट घालावी. त्याच्या मोबाईलवरचं यूपीआय बंद, एटीएम कार्ड मालकांकडे, खात्याला दोघांच्या सह्या. बेदाण्याची आणि द्राक्षाची पट्टी सासूबाईंच्या किंवा मालकांच्या खात्यावरच जमा होईल, हे अडत्याला स्वतः जाऊन सांगा. कृषी सेवा केंद्रातही सांगा की याच्या नावावर उधारी नको. उधारीवर औषधं उचलायची आणि परस्पर कमी भावानं विकून रोकड करायची, हा प्रकार मी पाहिलेला आहे. रोजच्या खर्चाला मात्र त्याला थोडी रोकड द्या. पेट्रोलला, चहाला दुसऱ्यापुढं हात पसरायची वेळ आली की माणूस पुन्हा मित्राकडे जातो.

त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तुम्हाला सांगितलेले 11 लाख हे खरे 11 लाख आहेत का, हे त्यातून कळेल. खाजगी देणं त्यात दिसणार नाही, पण बँका, पतपुरवठा कंपन्या आणि नोंदणी असलेले लोन अ‍ॅप दिसतात. माझा अनुभव असा की पहिल्यांदा सांगितलेला आकडा कधीच पूर्ण नसतो.

आणि त्याला विचारा, तुझं पासबुक, एटीएम किंवा सिमकार्ड कुणाला वापरायला दिलंयस का? सट्ट्याचा पैसा फिरवायला हे लोक पोरांची खाती भाड्यानं घेतात. महिन्याला काही हजार देतात. मग एक दिवस कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस येते आणि खातं गोठतं. तसं काही असेल तर आत्ताच बँकेत लेखी कळवून खातं बंद करा आणि वकील गाठा. यात उशीर करणं कर्जापेक्षा महाग पडेल.

आता ते 11 लाख. तुम्ही एका दमात सगळे मोजलेत, मालकही तसेच मोजतायत. वसुलीवालीच्या नजरेनं बघितलं तर ती पाच वेगळी देणी आहेत.

बुकीचे 2 लाख आधी बाजूला काढा. पैजेचा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार कोर्टात उभाच राहत नाही. ते पैसे कुठल्याही न्यायालयातून वसूल होत नाहीत, आणि तुम्ही देऊ नका. तो दारात माणसं पाठवेल, धमकावेल. त्याला मालकांनीच भेटावं, दिरानं नाही, आणि स्पष्ट सांगावं की इथून पुढं एक रुपया मिळणार नाही, परत आलास तर 112 लावतो. धमकीचे मेसेज, कॉल जपून ठेवा.

सावकाराचा हिशेब मालकांना कागदावर मांडून दाखवा. महिना दहा टक्के म्हणजे 4 लाखांवर दरमहा 40 हजार, वर्षाला 4 लाख 80 हजार, मुद्दल तसंच. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानं परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 9 आणि नसेल तर 12 टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. हा तुमच्याकडून एका महिन्यात जवळपास तेवढं घेतोय. परवाना आहे का ते सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या तालुक्याच्या कार्यालयात विचारा. नसेल तर त्याच कायद्यात त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. दिरानं कोरे चेक, कोरा स्टॅम्प किंवा जमिनीचा काही कागद सही करून दिलाय का, हे मात्र आधी काढून घ्या. यात मी तुम्हाला सरळ तक्रारीचा अर्ज टाका असं म्हणणार नाही. गावातला सावकार कोण असतो आणि कुणाच्या जवळचा असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण वकील बरोबर घेऊन मुद्दलावर तडजोड करायला बसा. कायदा माहीत असलेल्या माणसासमोर ही मंडळी बरीच मऊ येतात.

पतसंस्थेचं देणं खरं आहे आणि तिथं तुमचे मालक अडकलेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली अधिकारी थोरल्याच्या दारातच आधी येणार, कारण त्याच्याकडून पैसे निघतात. संस्थेत जाऊन हप्ते लांबवून मागा, लेखी. आणि मालकांनी इथून पुढं त्याच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणू, असं ते म्हणतील. हे नाही म्हणणं हाच त्यांच्याकडचा उपचार आहे.

मोबाईल लोनमध्ये कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते बघा. अशा अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेनं 2025 च्या जुलैपासून उघड ठेवलीय. नोंदलेली असेल तर फेडायचं, हप्ते पाडून. नोंद नसेल आणि फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवत असेल, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. कुठल्याही लोन अ‍ॅपला फोनमधले नंबर आणि फोटो चाळायची परवानगीच नाही. मित्रांचे पैसे दिरानंच, त्याच्या कष्टाच्या वाट्यातून, दोन वर्षं लागली तरी चालतील, पण स्वतःच्या हातानं फेडावेत. तुम्ही नाही.

आणि हे सगळं चालू असताना सोसायटीचं पीककर्ज थकवू नका. वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज पडत नाही. थकलं की ती सवलत गेली. जुगाराचं देणं भागवायला पीककर्ज थकवलेली घरं मी पाहिलीत आणि तिथून खरी घसरण लागते.

जमिनीबाबत एवढंच बघा की सासऱ्यांच्या पश्चात सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत. सासूबाईंचं असणारच. नणंदा असतील तर त्यांचाही हक्क आहे. म्हणजे ‘विकू’ म्हणणं एकट्या मालकांच्या हातात नाही आणि उद्या दिरानं परस्पर इसार घेतला तरी सगळा व्यवहार त्याच्या एकट्याच्या सहीनं होत नाही. कुणीतरी सुचवेल, वाटणी करून त्याचा हिस्सा तोडून द्या आणि मोकळे व्हा. तो बरा होईपर्यंत नको. एक एकर हातात आला तर सावकाराला तेच हवं असतं. कुणी असंही सुचवेल की पेपरात जाहीर नोटीस द्या, याच्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही म्हणून. नका देऊ. तिचा कायद्यात फारसा उपयोग होत नाही, पोरगा मात्र गावात तोंड दाखवायचा राहत नाही. वकिलाच्या फीची काळजी असेल तर तासगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो. 15100 या नंबरवरही विचारता येतं.

तुमच्या यादीतल्या पाच देण्यांत एक देणं तुम्ही लिहिलंच नाही. जावेच्या पाटल्या. तुम्ही ते ‘गहाण आहेत’ एवढ्यावर सोडलंय, जणू घरातलीच वस्तू इकडची तिकडं झाली. ते तिचं स्त्रीधन आहे. बुकीच्या आधी, सावकाराच्या आधी, मित्रांच्या आधी हे घर तिचं देणं लागतं. पुढच्या पट्टीतून पतसंस्थेचा हप्ता गेला की पहिल्यांदा त्या पाटल्या सोडवा आणि तिच्या एकटीच्या नावावर लॉकरमध्ये ठेवा. सासूबाईंना पटणार नाही, ‘घरातल्या घरात कसला हिशेब’ म्हणतील. म्हणू देत.

तिच्या माहेरी सांगायचं का, हे तुम्हीही ठरवू नका आणि मालकांनीही नाही. ते तिचं माहेर आहे. पण ती ठरवू शकेल एवढी माहिती तिला द्या. तिला बहुतेक सगळ्यात कमी सांगितलेलं असतं. ही पाच देणी, हे आकडे, कागदांसकट तिच्यापुढं ठेवा. ती थोडे दिवस माहेरी जाते म्हणाली तर तिला अडवू नका आणि त्याला ‘संसार मोडला’ असं नावही देऊ नका. आणि पतसंस्थेत हप्त्यांचं बोलायला मालक जातील तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्ही दोघी जावाही जा. कुणी विचारत नाही असं तुम्ही लिहिलंय. तिथला शाखाधिकारी विचारेल, घरखर्चाला महिना किती लागतो आणि हप्ता किती झेपेल, आणि ते उत्तर मालकांपेक्षा तुम्हाला जास्त नीट देता येईल.